खारपाणपट्ट्यातलं जहाज

४ ऑगस्ट, सोमवार

पोहोचले एकदाची! आई मोताळ्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ही वही हातात देताना तिनं बजावलं, रोज लिही आणि नीट भाषेत लिही, पुढं कंपन्यांच्या मुलाखती द्यायच्यात. महामाया तायडे बाईंपुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही, तेव्हा ही वही शुद्ध मराठीत.

तर मी धम्मशीला नागसेन तायडे, मरीन इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष. कॉलेज संग्रामपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला, चहूकडं सोयाबीन आणि कपाशी. बाबा सोडायला आले होते. फाट्यावरून रिक्षा आत वळली आणि सोयाबीनच्या वर एकदम जहाजाचं धुराडं दिसलं, पांढरं, लाल पट्ट्याचं. बाबा इतके हसले की त्यांना ठसकाच लागला. समुद्र कुठी हाय व धम्मे, असं विचारून त्यांनी रिक्षावाल्यालाही हसवलं. बाबांचं मोताळ्याला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. त्यांनी आयुष्यात समुद्र एकदाच पाहिला, चैत्यभूमीला गेले होते तेव्हा, आणि तोही गर्दीच्या खांद्यांवरून.

जहाज म्हणजे काही खरं जहाज नव्हे. मरीनच्या कॉलेजात शिकण्यापुरतं एक जहाज बांधावं लागतं, म्हणून यांनी मोठा खड्डा खणून त्यात इंजिनरूम केली आहे आणि वर सिमेंटचं धुराडं उभं केलंय. इंजिन मात्र खरं, मोडीत काढलेल्या जहाजातलं. वर लोखंडी जाळीचा कट्टा, तिथून खाली उभी शिडी, तळाला लोखंडी प्लेटांची जमीन. ऑइलचा वास येतो. मला तो वास बाबांच्या दुकानामुळं लहानपणापासून आवडतो.

रूममेट पुष्पांजली, हिवरा आश्रमची. सतत खाते आणि समोरच्यालाही खायला लावते. आल्या आल्या तिनं मला तिच्या आईच्या हातची शेव दिली, नको म्हणायची सोय नव्हती. आपल्याला आवडली ही पोरगी. आज आनंदानं झोप येणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

नुसता वैताग. इंजिनरूममध्ये घालायचा अंगभर बॉयलर सूट मिळाला तो पुरुषी मापाचा, आत मी आणि पुष्पांजली दोघी मावू. जहाजाजवळ मुलींसाठी बाथरूम नाही. प्राचार्य जयमाला मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, जहाजावर अशाच अडचणी असतात, सवय करा. नळाला पाणी खारं. हा सगळा खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच मिठाचं. प्यायला टँकर, अंघोळीला खारं, माझ्या केसांचा आठवड्यात झाडू झाला. आणि वर्गात शिकवतात काय, तर समुद्राचं पाणी गोडं कसं करायचं! मी विचारलं, सर, मग आधी आपल्या नळाचं करू की. वर्ग हसला. सरांनी मला बाहेर काढलं.

सर म्हणजे शेषराव सर. मोठमोठ्या जहाजांवर चीफ इंजिनिअर होते, म्हणून सगळे त्यांना चीफच म्हणतात. इंजिनरूमचे तासही तेच घेतात, पण वर जाळीवर उभं राहून, ओरडून. खाली कधी उतरत नाहीत. गुडघे धरलेत म्हणे. आणि ते इंजिन! डिझेल नाही म्हणून ते फक्त तपासणीचं पथक आलं की धडधडणार. एरवी आम्ही त्याला फडक्यानं पुसायचं, देवळातल्या मूर्तीला पुसतात तसं.

अख्ख्या जहाजात खरी चालणारी एकच गोष्ट, बिल्जचा पंप. बिल्ज म्हणजे प्लेटांखालची पोकळी. जहाजात गळलेलं पाणी तिथं साचतं. आमच्या जहाजात ते जमिनीतून झिरपतं, अर्थातच खारं, आणि रोज उपसावं लागतं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, म्हणजे तुले विहिरीवरची मोटार चालवाले शिकवून राह्यले. डोक्यात तिडीक गेली. फोनच ठेवून दिला.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज पहिल्यांदा काहीतरी खरं शिकवलं. वॉच. इंजिनरूममध्ये आळीपाळीनं पहारा द्यायचा, त्याला वॉच म्हणतात. सकाळची वॉच दुसऱ्या वर्षाची, दुपारी बारा ते चार आमची. रात्रीची नाही. चारला चीफ वरून ‘झालं’ म्हणून ओरडतात, सगळे वर येतात आणि वॉचमन कुलूप घालतो.

वॉच बदलण्याची रीत मात्र पक्की. येणाऱ्यानं शिडी उतरून प्लेटांवर यायचं. जाणाऱ्यानं सगळी हालत सांगायची, पंप कसा आहे, पाणी किती आहे. येणाऱ्यानं म्हणायचं, वॉच घेतली. तो शब्द येईपर्यंत जाणाऱ्यानं प्लेटा सोडायच्या नाहीत, मग आग लागो की पाणी शिरो. एकदा घेतली म्हटलं की सगळं तुझ्या मानेवर. चीफ हे सांगताना वरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते. सांगून झाल्यावर तास अर्धा टाकून निघून गेले. मला तो नियम फार आवडला. दिवसभर आरशासमोर ‘वॉच घेतली’ म्हणत होते, पुष्पांजलीनं उशी फेकून मारली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, पोळा

सणाची सुटी नाही म्हणे, आणि कॉलेजात माणूस मात्र एक नाही! चीफ मेहकरकडं त्यांच्या शेतावर बैलांना ओवाळायला. माझ्या बरोबरचे दोघं वॉचला टांग मारून पसार. मेसमध्ये पुरणपोळ्या संपलेल्या, मला मिळाली नुसती आमटी. आम्हाला पहारा दिल्याचे तास भरून दाखवावे लागतात आणि आधीच तीन आठवड्यांत काडीचं काम झालेलं नाही. म्हटलं, जा उडत सगळे, मी एकटी करते. वॉचमनकडून किल्ली घेतली, कुलूप काढलं, उतरले.

खाली पंपाशी एक जण पाठमोरा उकिडवा बसला होता. निळा बॉयलर सूट, गुडघ्यापर्यंत ओला. मला वाटलं, दुसऱ्या वर्षाचा कुणी. प्लेटांच्या फटीतून पाणी वर यायला लागलं होतं आणि हा नुसता वॉल्व्हवर हात ठेवून बसलेला. माझं डोकं सणकलं. मागं न बघताच तो सांगायला लागला, पाणी चढून राह्यलं, पंपानं हवा धरली, कोणी येऊनच नाई राह्यलं. पोटात भूक, त्यात ही रडगाणी. मी म्हटलं, हो बाबा हो, घेतली वॉच, जा आता.

तो उठला. माझ्या अंगावरून शिडीकडं गेला तेव्हा त्याचा हात दिसला. बोटांची टोकं पांढरीफटक आणि सुरकुतलेली, दिवसभर धुणं धुतल्यावर होतात तशी. तोंड मी बघितलंच नाही, रागानं बघायचंही नव्हतं. पंपानं लगेच पाणी धरलं. चारपर्यंत बिल्ज कोरडी ठक्क. पंप म्हणजे काय आणि तो कसा चालवायचा, हे या सीनिअरांना शिकवायला पाहिजे.

२३ ऑगस्ट, शनिवार

प्रज्वलला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या मॉनिटरला, मेसमध्ये चारचौघांत झापलं. म्हटलं, तुमचा तो निळा सूटवाला पाणी चढेपर्यंत झोपला होता का. तो तोंडात घास धरून बघतच राहिला. म्हणाला, बे, आम्ही सगळे माझ्या गावी होतो, पोळ्याला. सकाळची वॉच झालीच नाही. आणि निळे सूट तर कॉलेजानं कधीचेच बंद केले.

मी म्हटलं, मग आत कोण होतं. तो म्हणाला, आत कोण असणार, जहाजाला कुलूप होतं.

होतं. मीच काढलं होतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

वाह्यात चेष्टा करतात हे लोक, दुसरं काही नाही. मी मुलगी, त्यात मोठ्या तोंडाची, म्हणून मला घाबरवायचं ठरवलंय. सकाळी बूट घालायला गेले तर दोन्हींत पाणी. जिभेला लावून बघितलं, खारट. पुष्पांजलीवर खेकसले. ती बिचारी रडायला आली, म्हणाली, मी काऊन करू असं. तिची माफी मागितली, तिनं लगेच चिवडा काढला.

जहाजाचं एक विचित्र आहे. मी खाली असले की बिल्ज कोरडी. मी वर आले की अर्ध्या तासात पाणी प्लेटांना टेकतं. वॉचमनला तीनदा बोलवायला यावं लागलं. चीफना सांगितलं तर म्हणाले, मग तूच बघत जा. झालं, म्हणजे आता रोजचं लोढणं माझ्या गळ्यात. बाकीचे लायब्ररीत एसीत बसणार आणि मी पाणी उपसणार.

१४ सप्टेंबर, रविवार

काल दुपारी जेवून अंग टाकलं. डोळे उघडले तेव्हा मी प्लेटांवर उकिडवी बसले होते, हात वॉल्व्हवर. अंगावर घरचा ड्रेस, पाय अनवाणी. जहाजाला बाहेरून कुलूप. अर्धा तास ओरडले तेव्हा वॉचमनला ऐकू आलं. जयमाला मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतलं की यापुढं परवानगीशिवाय जहाजात जाणार नाही. मी विचारलं, कुलपातून मी आत गेलेच कशी, ते तरी सांगा. म्हणाल्या, ते तूच सांग. या बाईपुढं तर आपण हातच टेकले.

चीफच्या घरी गेले. आतापर्यंतचं सगळं सांगितलं, पोळ्याचा दिवस, तो मुलगा, निळा सूट, मी घेतलेली वॉच. निळा सूट म्हटल्याबरोबर त्यांनी कप खाली ठेवला. त्याच्या बोटांचं सांगितलं तेव्हा ते उठूनच उभे राहिले. मला जायला सांगितलं. दार लावून घेतलं.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या अशोक विजयादशमी. घरी सगळे पांढरे कपडे घालून विहारात जाणार, आईनं मला नवी साडी घेतली आहे. रजा मिळाली. दुपारची एसटी पकडली, खिडकीची जागा. जळगाव जामोद गेलं, आता नांदुरा, तिथून मोताळ्याची गाडी. कंडक्टरशी सुट्ट्यांवरून भांडलेसुद्धा. खिडकीवर डोकं टेकलं, गार वारा लागला.

डोळे उघडले तर प्लेटांवर. हात वॉल्व्हवर. दुसऱ्या मुठीत नांदुऱ्याचं तिकीट, चुरगळलेलं. बॅग एसटीत गेली, साडीसाठी घेतलेल्या बांगड्या तिच्यात. ही वही खिशात होती तेवढी राहिली.

आई, शुद्ध-बिद्ध आता नाई जमत. मले घरी येऊ देत नाई हे जहाज.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चीफ स्वतःहून आले. मी खाली होती, ते वर जाळीवर. सांगितलं त्यायनं. त्या निळ्या सूटवाल्याचं नाव गोपाल. पहिल्या वर्षाचा पोरगा, आज्ञाधारक. काही वर्षाआधी दिवाळीच्या सुटीच्या आदल्या दिवशी बिल्जमधी पानी चढत होतं. चीफनं त्याले दुपारच्या वॉचवर उभं केलं आन् सांगितलं, मी येऊन वॉच घेईपर्यंत हलजो नको. तेवढ्यात घरून फोन आला. चीफ गाडी काढून गेले. विसरले! अख्खी दिवाळी विसरले. वॉचमननं आत न पाह्यता कुलूप घातलं. तो हलला नाई. दिवाळीनंतर उघडलं तेव्हा पानी छातीपर्यंत होतं. कॉलेजनं त्याच्या घरी सांगितलं, पाय घसरून पडला.

मी म्हनलं, सर, त्याची वॉच तुम्ही घेयाले पाह्यजे होती. अजून बी घेता येते. या खाली, प्लेटांवर उभे राहा, मी हालत सांगतो, तुम्ही एक शब्द म्हना.

चीफ रडून राह्यले होते. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला त्यायनं. ठेवला आन् उचलला. “मले घरदार हाय बाई,” असं म्हनले आन् गेले.

मले नाई का घरदार?

७ ऑक्टोबर, मंगळवार

चीफनं राजीनामा देला. फोन बंद. मेहकरच्या शेतावर बी नाई म्हने.

प्रज्वलले म्हनलं, तू घे. तो वरून, जाळीवरून हसून बोलला, घेतली बाई घेतली. काही झालं नाई. प्लेटांवर येऊन म्हनाव लागते. तो प्लेटांवर येत नाई. आता कोनीच येत नाई. मले पाहून पोरं वाट बदलतात. जहाजाचे तास बंद, दाराले कुलपावर कुलूप. माह्यासाठी कुलूप काय कामाचं? रूमवर झोपतो, इथी उठतो. झोपच नको म्हनून पुष्पा रातभर माह्याशी बोलत बसली. पहाटे तिचाच डोळा लागला आन् मंग माहा.

१० ऑक्टोबर

आज जागेपनी झालं. शिडी चढली, वरच्या जाळीले हात लावला, डोळ्याची पापनी पडली तेवढ्यात परत खाली. वॉचमनसंगं कुलूप काढाले आलेल्या पुष्पानं वरून पाह्यलं. किंचाळली.

पाच-सहा वेळा करून पाह्यलं. हात सोलले. शेवटी रागानं पंपाले लाथ मारली, पायाची नखं फुटली. कोनावर राग काढू? गोपालवर? त्याची काय चूक, तो तर सांगितल्यापरमानं उभा राह्यला. चूक माही. तोंडाले आलं ते बोलून देलं मी, पाह्यलं नाई कोनाले बोलून राह्यली.

१३ ऑक्टोबर

पुष्पा दोरीनं डबा सोडते. तिनं वॉचमनच्या पाया पडून किल्ली घेतली. आज पोळी आन् वांग्याची भाजी. मीठ जास्त झालं का म्हनून विचारलं तिनं. मले आता कशातच मीठ समजत नाई.

बोटं पाह्यली. टोकं पांढरी.

ती म्हनली, मी येतो खाली, थोडा वेळ मी घेतो, तू झोप. तिनं पाय खाली टाकला बी. मी अशा शिव्या देल्या तिले का वॉचमनही चपापला. चीफवर थुंकत होती मी, आन् ती शिडी उतरताना मनात आलं — येऊ दे. खरंच आलं. एक शब्द म्हनन आन् मी मोकळी. तिची माय तिले शेव पाठवते. मी डोळे गच्च मिटले आन् शिव्याच देत राह्यली, ती परत वर जाईपर्यंत.

नाई देनार मी. कोनालेच नाई. हे इथीच थांबलं पाह्यजे.

१५ ऑक्टोबर

जयमाला मॅडम जाळीवर आल्या. मानसिक ताण म्हने. दिवाळीच्या सुटीसाठी होस्टेल रिकामं होनार, पोरीले इथी ठेवता येत नाई, घरच्याईले बोलावून घेतलं.

घरच्याईले म्हनजे बाबाले.

मी हात जोडले. आईले बोलवा, मामाले बोलवा, पोलीस बोलवा. बाबाले नको. मॅडमनं इचारलं, काऊन नको. काय सांगू? ज्या मानसानं चालत्या लग्नात जेवनाचं ताट ठेवून कोन्या अनोळखी मानसाची बिघडलेली मोटार खोलली, त्याले इथी आनू नका, हे कसं सांगू.

१६ ऑक्टोबर

फोनवर बाबा. पुष्पानं दोरीले बांधून फोन खाली सोडला. म्हनलं, येऊ नका. मी बरी हाय. ते म्हनले, आवाज तं बरा नाई तुहा. म्हनलं, पानी चढून राह्यलं, पंप हवा धरते, त्याच्यानं थकली —

काऊन बोलली मी हे? जीभ झडो माही.

बाबा लगेच म्हनले, पाइपाच्या बुडाचा फुटवॉल पाह्यला का?

१७ ऑक्टोबर

पोरं गेली. बसा भरून गेल्या, आवाज येत होता, हसू येत होतं. पुष्पा गेली नाई. तिच्या घरचे रागावले, तरी नाई गेली.

पानी घोट्याच्या वर. पंप फिरते, पानी ओढत नाई. आता मी असली तरी चढते. दिवाळी हाय म्हनून का —

गोपाल कसा थांबला असन एवढे दिवस?

मनात पाठ करून राह्यली. बाबा, खाली उतरू नका. बाबा, काही म्हनू नका. बाबा, घरी जा. आई एकटी हाय.

१८ ऑक्टोबर

बाबा आले. जाळीवर. हातात दुकानाची पिशवी, पाने-पक्कडीचा खनखनाट. पांढरे झाले केस दोन महिन्यात. मी सगळं ओरडून सांगितलं, पाठ केलेलं. त्यायनं ऐकलं. मान हलवली. वाटलं, समजलं.

मंग त्यायले पंपाचा आवाज आला. कोरडा फिरतो तसा. कान देऊन ऐकलं त्यायनं. चपला काढल्या.

मी रडली, शिव्या देल्या, पानी फेकलं त्यायच्या अंगावर. ते शिडी उतरूनच राह्यले. कमरेइतक्या पान्यात माह्यापाशी आले, माह्या डोक्यावरून हात फिरवला. मले वॉल्व्हपासून हलकेच बाजूले केलं, लहानपनी दुकानात करत होते तसं.

“सरक बेटा. दे माह्यापाशी, मी पाह्यतो. तू जाय वर.”

पंपानं पानी धरलं. त्याच क्षनी.

माह्ये पाय हलके झाले. मी नाई चढली, चढवल्यासारखी वर आली. जाळीवर हाय. ऊन हाय, वारा हाय. पुष्पा गळ्यात पडून रडते, खुशीनं. इथीच बसून लिहून राह्यली, लिहिलं नाई तं मले खरं वाटनार नाई.

बाबाले आवाज देतो. ते वर पाहत नाईत. म्हनतात, एवढं पानी उतरू दे, मंग येतो. दहादा तेच. पानी उतरलं कधीचं. पंप गपगप चालते. त्यायचा हात वॉल्व्हवरून नाई हलत.

हाक मारली, बाबा, वर या, चहा घ्या. म्हनले, तू जाय घरी, माय वाट पाहून राह्यली.

मी परत जातो. प्लेटांवर उभी राहून घेतो त्यायच्याकडून. पन देनाऱ्यानं हालत सांगून स्वतः द्याव लागते, आन् बाबा — बजारातून येताना माही पिशवी एकदा त्यायच्या हाती गेली का घराच्या दारापर्यंत कधी परत देली नाई त्यायनं. मी मोठी झाली तरी नाई. हे कसे देतीन?

पुष्पा धरून राह्यली. सोड मले. नाई देलं तरी बसतो त्यायच्याजवळ. सोड. बाबा, मी आली, हात काढा तिथून, माह्याकडं पाहा, म्हना का दे